निअँडरथलचा तिसरा हात

तिने दगड खाली ठेवला, पण दगड खाली राहिला नाही. हात वर उचलला तसा तोही हाताबरोबर वर आला. बाजारात आईचं बोट न सोडणारं पोर येतं, तसा.

काहीतरी बिनसलंय ही शंका तिला पहिल्यांदा तिथे आली. (तशी ती तिला दिवसभरात पुष्कळदा येते. टोस्टरमधून पाव उडाला की येते, लिफ्ट मध्येच थांबली की येते, आणि न थांबता सरळ वर गेली तर जरा जास्तच येते. स्वतःच्या शिंकेला दचकणारी माणसं जगात मोजकीच असतील. त्यातलं एक या घरात सून म्हणून आलं होतं. नवरा तिला 'दचकी' म्हणायचा. हे नाव इतकं चपखल होतं की त्याने मागून तशी हाक मारली की ती दचकूनच ओ द्यायची.)

तिने हात झटकला. दगड हलला नाही, खांदा मात्र लचकला. दुसऱ्या हाताने दगड उपटून काढावा म्हटलं, तर दुसऱ्या हातातला लाकडी दांडा त्या हाताला सोडेना. तेव्हा साहजिकच तिने 'अरे देवा' म्हणायला तोंड उघडलं.

तोंड उघडलं नाही.

आता ही वेळ तिच्यावर का आली ते सांगायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही मुलगी खुळी आहे. (सांगितल्यावरही वाटेल, पण निदान कारण कळेल.)

ती संग्रहालयात गाइड होती. टेम्पररी. संग्रहालयात निअँडरथल माणसाचं नवं दालन नुकतंच उघडलं होतं आणि ते दालन लोकांना दाखवण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. निअँडरथल म्हणजे आपले फार फार जुने चुलत भाऊबंद. जाड भुवया, रुंद छाती, आखूड पाय, आणि हजारो वर्षांपूर्वी जगातून कायमचे गेलेले. लोक त्यांना रानटी म्हणतात. तिला मात्र ते ऐकवत नसे. कडाक्याच्या थंडीत, अंगावर कातडी पांघरून, विस्तव जपत, दगडाला धार लावत ती माणसं लाखो वर्षं टिकली होती. आणि ही बाई पंख्याचा आवाज बदलला तरी रात्रभर झोपत नसे. एवढ्या धीराची माणसं आपल्या नात्यात होऊन गेली, या विचाराने तिला बरं वाटायचं. कामावर जाताना ती पुतळ्यांना मनातल्या मनात नमस्कारही करायची.

दालनाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, त्यांना मात्र नमस्कारापेक्षा गर्दीत रस होता.

"पुढच्या आठवड्यात शाळेची मुलं येणार. नुसते पुतळे दाखवून ती ऐकणार नाहीत. काहीतरी करून दाखवा. शिकारीला जाताना हे लोक एकमेकांना हाका कशा मारायचे, ते करा."

"पण साहेब, ते कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही ना? मग तुमचं चुकणार कसं?"

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी घरच्या बाल्कनीत उभी राहून 'हूऽऽ' आणि 'आऽऽ' करत होती. हाका बऱ्या जमायला लागल्या आणि नेमका तालमीत घोटाळा झाला. दगडी पातं दांड्याला बसवून केलेला भाला तिने आवेशाने उगारला, पातं निखळलं आणि साहेबांच्या चहात पडलं.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "दुकानातला गम लावा आणि मोकळे व्हा."

इथे 'हो' म्हणाली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण कॉलेजात शिकलेल्या माणसाला सोपं ऐकवत नाही.

"नको साहेब," ती म्हणाली, "मुलांना खोटं कशाला दाखवायचं? ते लोक झाडाची राळ आणि मधमाश्यांचं मेण वितळवून त्याने पातं चिकटवायचे. मी घरी नेऊन तसंच करते."

साहेबांनी चहातला दगड चमच्याने काढून तिच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती, आणि नेमकी त्याच दिवशी घरात फार मोठी गोष्ट घडणार होती. सासूबाई घराबाहेर पडणार होत्या.

तिचे सासरे, म्हणजे बाबा, निवृत्त बसड्रायव्हर. एकेकाळी इंजिनाच्या वरताण बोलायचे आणि अख्ख्या बसला हसवायचे म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की तिने ते कधी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या थोडं आधी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं 'हं' आणि 'नको' या दोन शब्दांवर येऊन थांबलं. डॉक्टर म्हणत, शब्द आत आहेत, बाहेर यायला निमित्त हवं. म्हणून सासूबाई रोज त्यांना मुद्दाम काहीतरी चुकीचं सांगायच्या. मंगळवारी म्हणायच्या, "आज शुक्रवार ना हो?" भाजीत मीठ घालायच्या नाहीत. निदान भांडायला तरी बोलतील! बाबा नुसते हसायचे आणि अळणी भाजी मुकाट्याने संपवायचे.

या सगळ्यात सासूबाई स्वतः कुठे जायच्या नाहीत. चार गल्ल्यांपलीकडे सख्खी बहीण राहायची, तिच्याकडेही नाही. शेवटी सून म्हणाली,

"आई, आज मावशींकडे जाऊनच या. मी आहे ना."

"तू आहेस म्हणून तर जीव वर-खाली होतो. परवा कुकरची शिट्टी झाली तर तू पलंगाखाली होतीस."

"माझं कानातलं पडलं होतं तिथे."

"कानातलं तुझ्या कानात होतं."

"आई, जा ना. बाबा जेवून झोपतील, मी घरातच आहे. काऽऽही होणार नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा डाव्या हाताने 'जा' अशी खूण करून म्हणाले, "हं." मग त्यांनी कपाटातून ठेवणीतली पर्स काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि दाराशी जाऊन परत आल्या.

"हे बघ, ते झोपताना कानातलं मशीन काढून ठेवतात. मग ढोल वाजला तरी कळत नाही. लक्ष ठेव हो."

"ठेवते."

"पोरी, तुझ्या भरवशावर जातेय."

हे वाक्य तिच्या काळजात जाऊन बसलं. तिच्या भरवशावर आजवर कुणी दूधही तापत ठेवलं नव्हतं; इथे एका बाईने अख्खा नवरा ठेवला होता. आज सगळं नीट पार पडलं तर सासूबाई पुन्हाही जातील. काही वेडंवाकडं झालं, तर ती पर्स कपाटात जाईल ती कायमची. तिने मनाशी ठरवलं, बाबांच्या केसालाही धक्का लागता कामा नये.

बाबा झोपले. तिने राळ आणि मेण एका पातेल्यात घालून गॅसवर ठेवलं. वास उग्र सुटला. बाबांना खोकला होईल म्हणून तिने त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. वाफ अंगावर नको म्हणून चिकटवायचं काम बाल्कनीत करायचं ठरवलं. तिथून काचेच्या दारातून थेट गॅस दिसत होता. दुसरा हात द्यायला राळ पातळ राहावी म्हणून आच अगदी मंद करून पातेलं तसंच ठेवलं. (प्रत्येक गोष्ट किती विचार करून केली होती पाहा. मोठे अपघात असेच विचार करून होतात.)

उजव्या हातात दगडी पातं, डाव्या हातात दांडा, दोन्हींना गरम राळ. आता पातं बसवण्याआधी दांड्याच्या टोकाला चामड्याची पट्टी घट्ट आवळायची. चामडं संग्रहालयातच राहिलं होतं, म्हणून तिने नवऱ्याच्या टाकून दिलेल्या चपलेचा पट्टा कापून, साबणाने घासून, वर राळ फासून तयार ठेवला होता. पण दोन हात तर गुंतलेले. पट्टा ओढायचा कशाने?

इथे तिची विद्या कामाला आली. निअँडरथल माणसांचे पुढचे दात फार झिजलेले सापडतात, कारण ते कातडं दातांत धरून हाताने ताणायचे, कापायचे. "दात म्हणजे त्यांचा तिसरा हात," हे वाक्य ती पाहुण्यांना रोज सांगायची. आज तिने ते आचरणात आणलं. पट्ट्याचं टोक दातांत पकडलं, कचकन चावलं आणि ताणून धरलं. वारा गार होता. काम इतकं सुरेख जमत होतं की तिला आपल्या त्या दूरच्या चुलत भाऊबंदांविषयी भरून आलं. ती तशीच स्तब्ध राहिली, राळ चांगली वाळेपर्यंत.

राळ चांगली वाळली.

निअँडरथल माणूस पट्ट्याचं कोरडं टोक दातांत धरत असणार. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरज पडेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तर आता उजव्या तळव्याला दगड, डाव्याला दांडा, दांड्याला पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ती स्वतः. कपाळावरची बटही मध्ये येऊन चिकटली होती. एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि बाल्कनीचं दार धाडकन लागलं.

ती दचकली. (नेहमीप्रमाणे, पण दातांत पट्टा असल्यामुळे किंकाळी आतल्या आत फिरून पोटात गेली.)

दाराला कुलूप नव्हतं. नुसती गोल मूठ होती. पकडायची, फिरवायची, आत जायचं. पकडणार कशाने? तिने कोपराने प्रयत्न केला. हनुवटीने केला. दोन्ही गुडघ्यांत मूठ धरून स्वतःच फिरून पाहिलं. लाखो वर्षं टिकलेल्या त्या माणसांना गोल मुठीची दारं नव्हती, आणि ते किती सुखी होते हे तिला आता उमगलं.

काचेतून तिने आत पाहिलं. पातेल्यातून धूर निघत होता. बारीकच होता अजून, पण होता. आणि पलीकडच्या खोलीत बाबा, मशीन काढून, गाढ झोपलेले.

 आतापर्यंत जे हसू येण्यासारखं होतं ते सगळं संपलं.

फोन बाल्कनीतल्या स्टुलावर होता. तिने वाकून तोंड समोर आणलं. फोनने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि 'चेहरा ओळखता आला नाही' असं सांगितलं. (तोंडात चपलेचा पट्टा, कपाळाला बट, डोळे बटाट्याएवढे. तिच्या आईनेही ओळखलं नसतं.) मग नाकाने आकडे दाबले. नाक एका वेळी दोन आकडे दाबायचं. फोन म्हणाला, थोड्या वेळाने प्रयत्न करा. तिने तातडीचा नंबर लावावा म्हणून नाक सरकवलं तर कॅमेरा उघडला आणि खच्चकन तिचाच फोटो निघाला. आणि समजा नंबर लागला असता, तरी अग्निशमन दलाला ती सांगणार काय होती? 'अंऽऽ'?

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कनीत गाण्याच्या बाई आल्या. त्या घरी शिकवण्या घ्यायच्या आणि सुरांच्या बाबतीत फार कडक होत्या. तिच्या रोजच्या हाका शाळेच्या मुलांसाठी आहेत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दोन्ही हात उंचावले, दगड हलवला, पाय आपटले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "आऽऽऽ! आऽऽऽ!"

"वा!" गाण्याच्या बाई म्हणाल्या. "आज लागला बाई तुझा आवाज!"

"आऽऽऽ!" ती घराच्या आत बोट दाखवायला गेली, पण बोट दगडाला चिकटलेलं. दिसलं ते एवढंच, की हिने दगड उगारला.

"हां हां, हावभावही छान. परवापर्यंत नुसती कुंथत होतीस. फक्त गळ्यातून काढू नकोस, पोटातून काढ. पोटातून!"

तिने पोटातून काढला. तिचं पोट त्या क्षणी नाहीतरी गळ्यातच आलेलं होतं.

"बघ, कसा भरला आवाज! अहो, बाहेर या, बघा ही कशी हुबेहूब करतेय," बाईंनी आत पाहून यजमानांना हाक मारली. यजमान पेपर घेऊन बाहेर आले, दोन मिनिटं कौतुकाने पाहत राहिले आणि टाळ्या वाजवून आत गेले. बाईही "उद्या मुलं खूश होणार हो तुझ्यावर!" म्हणत, शिकवणीची वेळ झाली म्हणून दार लावून निघून गेल्या.

पातेल्यावरचा धूर आता जाड झाला होता.

संग्रहालयात ती रोज एका म्हाताऱ्या निअँडरथलची गोष्ट सांगते. (म्हातारा म्हणजे चाळिशीचा. हे सांगताना पाहुण्यांतले चाळिशीचे लोक दुसरीकडे बघतात.) एका गुहेत त्याचा सांगाडा सापडला. एक हात वाळलेला, एका डोळ्याने बहुधा दिसत नसावं, कानाने फारसं ऐकू येत नसावं. शिकार त्याला जमणं कठीण. तरीही तो वर्षानुवर्षं जगला, म्हणजे कुणीतरी त्याला सांभाळलं, घास दिला, विस्तवाजवळ जागा दिली.  सांभाळणाऱ्या त्या माणसांत ती स्वतःला पाहायची. आज सकाळपासून तर जरा जास्तच.

त्या म्हाताऱ्याने मात्र बाकीच्यांसाठी काय केलं असेल, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

तिने डोळे पुसले. (दंडाला. दुसरं काही मोकळं नव्हतं.) आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बाबांचा पलंग बाल्कनीच्याच भिंतीला टेकलेला आहे. कान मिटलेले असतील, पाठ तर भिंतीलाच आहे! तिने उजवा हात मागे नेला आणि दगड भिंतीवर हाणला. धप्प. पुन्हा धप्प. पोपडे उडाले. लाखो वर्षं दगडाने माणसाला तारलं, आता एकदा मलाही तार रे बाबा, असं त्या दगडाला विनवत ती भिंत ठोकत राहिली, आणि पोटातून, अगदी गाण्याच्या बाईंनी सांगितलं तशी, हाक मारत राहिली. 'बाबा' म्हणायचं होतं. ओठ जुळत नव्हते, म्हणून 'आऽऽआऽऽ' एवढंच निघत होतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं.

बाबा उभे होते. केस विस्कटलेले, उजवा हात लोंबता, कानात मशीन नाही. त्यांनी काचेतून तिला पाहिलं. तिने दगडाचा हात आणि मान, दोन्ही स्वयंपाकघराच्या दिशेने वळवलं. बाबांनी तिकडे पाहिलं. धुराच्या खाली, पातेल्याच्या कडेला, आगीची एक इवलीशी पिवळी जीभ लवलवायला लागली होती.

ते तिच्याकडे आले नाहीत. भिंतीला धरून, एक पाय घसटत, ते सरळ ओट्याकडे गेले. डाव्या हाताने आधी गॅसचं बटन फिरवलं. मग बाजूचं मोठं ताट उचललं आणि घाई न करता, बसचा ब्रेक दाबावा तसं, पातेल्यावर दाबून ठेवलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले. ताटाखालून शेवटचा धूर निघाला आणि विरला.

त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्याइतकं देखणं माणूस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती रडायला लागली. मघापासून जमवून ठेवलेलं सगळं एकदम वाहू लागलं. बाबांसाठी, धूळ पुसलेल्या त्या पर्ससाठी, गाण्याच्या बाईंसाठीसुद्धा, आणि गुहेतल्या त्या कुणा म्हाताऱ्यासाठी, ज्याने एखाद्या दुपारी बाकीचे गोंधळलेले असताना विस्तव सांभाळला असेल. पट्ट्यावरून आसवं दांड्यावर ओघळू लागली.

बाबा दाराशी आले. डाव्या हाताने गोल मूठ फिरवली. दार उघडलं.

त्यांनी तिच्या हातातला दगड पाहिला. दांडा पाहिला. मग दातांतून बाहेर लोंबणारा चपलेचा पट्टा बराच वेळ पाहिला. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावरची शीर ताठ झाली, जणू खूप दिवस बंद पडलेलं इंजिन कुणी आतून चालू करत होतं.

"आऽऽआऽऽ," ती म्हणाली.

"ओ," तिच्या तोंडाकडे बघत बाबा म्हणाले. मग एकेक शब्द चाचपडत, पण एकही न गाळता, "अगं पोरी... भूक लागली होती, तर मला उठवायचंस. चप्पल... कशाला खायची?"